लकव्याचा पेशंट कॅज्युअल्टीत नेला की "हे काहीच करत नाहीयेत" असं का वाटतं?

बाबांचं तोंड वाकडं झालंय, उजवा हात उचलत नाहीये, जीभ जड पडलीये. घरातले चार जण त्यांना रिक्षात घालून कॅज्युअल्टीत घेऊन आलेत. आणि इथे काय चाललंय, तर एक सिस्टर बोटाला सुई टोचून शुगर बघतीये, डॉक्टर विचारतोय वजन किती, शेवटचं नीट कधी बोलले होते, बीपी २०० आलंय तरी कुणी गोळी देत नाही, बाबा पाणी मागताहेत तर पाणीपण देऊ देत नाहीत आणि मग स्ट्रेचर थेट सीटी स्कॅनकडे. "अहो आधी काहीतरी ट्रीटमेंट चालू करा ना, टेस्ट काय नंतर होतील" हे मी कामावर इतक्यांदा ऐकलंय की समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच कळतं आता हेच येणार.

राग येणं साहजिक आहे. पण ही जी सगळी "टंगळमंगळ" दिसते ना तिचा एक ठरलेला क्रम आहे आणि तो जगभर जवळपास सारखाच आहे. आधी काय, मग काय आणि मुद्दाम काय करायचं नाही, हे एकदा डोक्यात बसलं की नातेवाईक म्हणून तुमचंही काम सोपं होतं, कारण या क्रमातल्या निदान दोन गोष्टी फक्त घरचेच लोक करू शकतात, डॉक्टर नाही.

आणि हे फक्त म्हाताऱ्यांचं दुखणं आहे असं समजून वाचायचं सोडू नका. फेब्रुवारी २०२४ मधे मिथुन चक्रवर्तींना कोलकात्यात स्ट्रोक (म्हणजे आपला लकवाच) झाल्याची बातमी आली, आणि त्याच महिन्यात झेरोधा या शेअर ब्रोकिंग कंपनीच्या नितिन कामथनी स्वतः लिहून सांगितलं की साधारण सहा आठवड्यांपूर्वी आपल्याला माइल्ड स्ट्रोक येऊन गेला, चेहरा ओघळला होता, लिहिता वाचता येत नव्हतं. एक जण सत्तरी ओलांडलेला, दुसरा चव्वेचाळीसचा आणि चांगला व्यायाम करणारा.

## आत नेमकं झालंय काय

स्ट्रोक म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक बिघडणं. लकवा, पॅरालिसिस, अंगावरून वारं गेलं, हे सगळं आपण बाहेरून जे दिसतं त्याला म्हणतो. आत दोन वेगळ्या गोष्टी झालेल्या असू शकतात. एक म्हणजे रक्ताची गुठळी अडकून नळी बंद झाली, दुसरं म्हणजे नळी फुटून मेंदूत रक्तस्राव झाला. गुठळीवाले पेशंट जास्त असतात, अमेरिकेत १०० मधले ८७ गुठळीचे, आपल्याकडे रक्तस्रावाचा वाटा त्यापेक्षा बराच जास्त दिसतो.

शेतात ठिबक असेल तर हे लगेच कळेल. एका ओळीची झाडं माना टाकून उभी आहेत. बांधावरून बघून तुम्ही सांगू शकता का की नळी चोक झालीये की कुठे फुटलीये? नाही सांगता येत, दोन्हीत ओळ कोमेजलेलीच दिसणार. आत जाऊन बघावं लागतं. चोक असेल तर ॲसिड सोडून नळी साफ करायची. फुटली असेल आणि तरी तेच केलंत तर जे वाचलं असतं तेही जाणार. शिवाय चोक झालेल्या ओळीतली सगळी झाडं एकदम मरत नाहीत, मधली वाळतात पण कडेच्या झाडांना शेजारच्या नळीची थोडी ओल मिळत राहते, ती कोमेजतात, मरत नाहीत, वेळेत पाणी आलं तर परत उभी राहतात. मेंदूतही तसंच आहे. गाभ्यातला भाग गेलेला असतो, पण त्याच्या भोवती एक कोमेजलेला पट्टा असतो जो अजून जिवंत आहे. कॅज्युअल्टीतली सगळी धावपळ त्या पट्ट्यासाठी असते. मोठी नळी बंद पडली असेल तर सरासरी दर मिनिटाला १९ लाखांच्या आसपास पेशी मरतात असा हिशोब संशोधकांनी मांडलाय, म्हणून "चहा घेऊन निघू" हे वाक्य ऐकलं की आमच्या पोटात गोळा येतो.

## ओरडणारा आधी की गप्प बसलेला?

छातीत कळ आली की माणूस घाबरतो, घर जागं करतो. स्ट्रोकचा त्रास हा की तो बहुतेक वेळा दुखतच नाही (रक्तस्रावात प्रचंड डोकं दुखू शकतं, आयुष्यात कधी दुखलं नाही असं, पण गुठळीत सहसा नाही). माणूस खुर्चीत बसून हसायचा प्रयत्न करतो, अर्धंच तोंड हसतं, आणि घरचे म्हणतात झोपला की बरं वाटेल.

कॅज्युअल्टीत एकाच वेळी दोन पेशंट आले, एकाचा हात मशीनमधे कापलाय, फडकं रक्तानं भिजलंय आणि तो जोरजोरात ओरडतोय, आणि दुसऱ्या एक आजी शांतपणे व्हीलचेअरवर बसल्यात, फक्त शब्द अडखळताहेत. हातावर दाबून पट्टी बांधली की तो काही वेळ थांबू शकतो. आजी थांबू शकत नाहीत. आजींना आधी आत घेतलं म्हणून बाहेर भांडणं झालेली मी बघितलीत.

ओळखायचं कसं हे बहुतेकांनी कुठेतरी वाचलेलं असतं तरी पटकन सांगते. हसायला सांगा, एक बाजू ओघळते का बघा. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक खाली येतो का. एखादं साधं वाक्य बोलायला सांगा. अचानक तोल जाणं, एका डोळ्यानं किंवा एका बाजूचं दिसेनासं होणं, एक गोष्ट दोन दिसणं, हेही त्यातच आलं. यातलं एक जरी अचानक सुरू झालं असेल तर निघायचं, तीन जमायची वाट बघायची नाही.

## पहिल्या काही मिनिटांत

श्वास. सगळ्यात आधी हेच. श्वासमार्ग मोकळा आहे ना, घरघर होतीये का, उलटी होऊन ती नरड्यात जातीये का. बेशुद्ध असेल किंवा उलट्या होत असतील तर कुशीवर वळवायचं, हे घरीसुद्धा. बोटाला क्लिप लावून ऑक्सिजन बघतात आणि तो ९४ च्या खाली असेल तरच ऑक्सिजन लावतात. "सिरियस आहे आणि साधा ऑक्सिजन नाही लावला" ही तक्रार वारंवार येते, पण ९८ असलेल्याला मास्क लावून काही मिळत नाही, नुसतं नातेवाइकांना बरं वाटतं.

मग शुगर. ही अर्ध्या मिनिटाची टेस्ट का इतकी महत्त्वाची ते सांगते. शुगर फार खाली गेली की हुबेहूब लकव्यासारखं दिसू शकतं, एक बाजू ढिली, बोलणं बरळल्यासारखं. आषाढी एकादशीच्या आसपास असे पेशंट हमखास येतात, डायबेटिसची गोळी सकाळी नेहमीसारखी घेतली आणि पोटात दिवसभर फक्त दोन केळी. ग्लुकोमीटरवर आकडा येतो ३८. शिरेतून ग्लुकोज जातं आणि ज्या काकांना घरच्यांनी जवळपास धरूनच चालवलं होतं ते थोड्या वेळात विचारतात, "मी इथे कसा काय?" ही टेस्ट न करता कुणी थेट गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं असतं तर? म्हणून ती त्या इंजेक्शनच्या आधी, नेहमी.

नुकतीच फिट येऊन गेली असेल तरी काही तास हात पाय लुळे राहू शकतात, तेव्हा फिट आली होती का हे विचारलं जातं, खरं सांगा, लाजू नका. चेहऱ्याची नस सुजून नुसतं तोंड वाकडं होतं तो वेगळा आजार, त्यात कपाळालाही आठी पडत नाही, डोळा मिटत नाही आणि हात बोलणं व्यवस्थित असतं. पण हा फरक घरी बसून करायचा नाही.

हे चालू असतानाच हाताला सुई लागते, रक्त लॅबला जातं, डॉक्टर हात उचला, पाय उचला, हे काय आहे सांगा असं करत लकवा किती मोठा आहे याचा ० ते ४२ मधे एक स्कोअर काढतात. यातलं काहीही सीटीला उशीर करून करायचं नसतं. चांगल्या सेंटरला दारातून आत आल्यापासून २०-२५ मिनिटांत सीटी आणि तासाभरात, जमल्यास त्याच्याही आत, इंजेक्शन असं टार्गेट ठेवतात.

## "शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?"

हा प्रश्न वेगवेगळी माणसं तीनदा विचारतात आणि लोक वैतागतात. पण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि ते घड्याळ सुरू होतं पेशंट शेवटचा नक्की नॉर्मल होता तिथपासून. तुम्हाला तो कधी सापडला तिथपासून नाही.

आता बघा. आजोबा रात्री साडेदहाला झोपले, सकाळी सहाला उठवायला गेलात तर एक बाजू हलत नाही. हिशोबानं साडेसात तास झाले, इंजेक्शनची वेळ गेली. पण आजी म्हणतात, अहो पाचला उठले होते ना, बाथरूमला जाऊन आले, मला म्हणाले गॅसवर दूध ठेव. म्हणजे पाचला चालत होते, नीट बोलत होते. म्हणजे झाला फक्त एक तास! एका वाक्यानं सगळं पारडं फिरलं. आणि बहुतेक वेळा ती आजी घरी असते आणि हॉस्पिटलमधे आलेला असतो पुतण्या, ज्याला यातलं काहीच माहीत नाही. म्हणून ज्यानं शेवटचं बघितलं त्या माणसाला सोबत आणा, ते जमत नसेल तर फोनवर ठेवा. एकटा राहणारा माणूस असेल तर त्याचा मोबाईल आणा, शेवटचा कॉल किती वाजता, कुणाशी, त्या माणसाला फोन करून विचारता येतं की नीट बोलत होता का.

वेळ कळलीच नाही तर सगळं संपलं असं नाही, काही पेशंटमधे एमआरआय किंवा खास सीटी करून कोमेजलेला पट्टा किती शिल्लक आहे ते बघता येतं आणि त्यावरून ठरतं. पण ती सोय सगळीकडे नसते.

घरच्यांनी करायची दुसरी गोष्ट म्हणजे औषधांची पिशवी आणणं. चिठ्ठी नसेल तर नुसत्या स्ट्रिप्स आणा. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कुठली, शेवटची कधी घेतली, यावर इंजेक्शन द्यायचं की नाही ते अडलेलं असतं.

## बीपी २०० आहे, मग उतरवत का नाहीत?

हा सगळ्यात जास्त भांडणाचा मुद्दा. परत त्या ठिबककडे या. नळी चोक झालीये, कडेच्या झाडांना जी थोडी ओल मिळतीये ती पंपाच्या प्रेशरवर मिळतीये. तुम्ही पंपच कमी केलात तर ती ओलही बंद. गुठळीच्या स्ट्रोकमधे शरीर आपणहून बीपी वाढवून त्या पट्ट्याला रक्त ढकलत असतं. म्हणून इंजेक्शन वगैरे द्यायचं नसेल तर बीपी साधारण २२०/१२० पर्यंत सहसा हात लावत नाहीत. इंजेक्शन द्यायचं असेल तर मात्र आधी १८५/११० च्या खाली आणतात आणि नंतर २४ तास १८०/१०५ च्या खाली ठेवतात, कारण मग रक्तस्रावाची भीती. आणि सीटीत नळी फुटलेलीच दिसली तर उलटं, तिथे वरचं बीपी १४० च्या आसपास आणायचा प्रयत्न लगेच सुरू होतो, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिच्यावर उतारा देतात, न्यूरोसर्जनला बोलावतात.

म्हणजे एकाच आकड्याला तीन वेगळी उत्तरं, आणि कुठलं लागू हे सीटीशिवाय कळत नाही. म्हणून घरी जिभेखाली बीपीची कॅप्सूल फोडणं, छातीत दुखल्यावर ठेवतात ती गोळी ठेवणं, हे कृपया नको. बीपी धाडकन पडतं आणि वाचवण्यासारखा होता तो भाग जातो. अजूनही काही ठिकाणी ही कॅप्सूल देऊन मग पेशंट पुढे पाठवतात, याची मला खरंच चीड येते.

ॲस्पिरिनचंही तेच. "अटॅक आला की ॲस्पिरिन चावा" हे हृदयाच्या अटॅकसाठी आहे. इथे आत रक्तस्राव असेल तर ती गोळी आगीत तेल. आणि गिळणं बिघडलेलं असू शकतं, पाण्याचा घोटसुद्धा फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. म्हणून गिळता येतंय का हे तपासेपर्यंत तोंडानं काहीच नाही, पाणी नाही, तीर्थ नाही, चमच्यानं चहा नाही.

## "सीटी नॉर्मल आला, मग ॲडमिट कशाला?"

नॉर्मल सीटी म्हणजे काहीच झालं नाही असं नसतं. गुठळीचा स्ट्रोक पहिल्या काही तासांत साध्या सीटीत बऱ्याचदा दिसतच नाही. सीटी केला तो मुख्यतः रक्तस्राव नाही ना हे बघायला. समोर हात लुळा आहे, शुगर ठीक आहे आणि सीटीत रक्त नाही, म्हणजे इंजेक्शनचा रस्ता मोकळा झाला. नेमक्या याच क्षणी एखादे काका रिपोर्ट हातात घेऊन म्हणतात, "बघा, उगाच घाबरवत होते, चला घरी."

## इंजेक्शननं रक्तस्राव झाला तर?

होऊ शकतो, आणि हे सांगूनच सही घेतात. १९९५ साली अमेरिकेत जी मोठी चाचणी झाली, जिच्यावर या उपचाराचा पाया आहे, तिच्यात इंजेक्शन मिळालेल्या १०० पैकी सहाएक जणांना मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला, न मिळालेल्यांत एकापेक्षा कमी. पण तीन महिन्यांनी जवळपास पूर्ववत झालेल्यांचं प्रमाण इंजेक्शनवाल्यांत निदान ३० टक्क्यांनी जास्त होतं आणि मृत्यू वाढले नव्हते. म्हणजे हा जुगार नाही, पण बिनधोकपण नाही. सहीसाठी मोठ्या भावाला फोन, मग मुंबईच्या मेहुण्याला, मग ओळखीच्या डॉक्टरला, यात पाऊण तास जातो आणि तेवढ्यात फायदा घटत जातो. इंजेक्शन जितकं लवकर तितका उपयोग जास्त, साडेचार तास ही सहसा शेवटची रेघ आहे.

वजन का विचारतात तेही यातच. अल्टेप्लेज (गुठळी विरघळवणारं औषध) याचा डोस किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०, त्यातला दहावा हिस्सा मिनिटभरात आणि उरलेला तासाभरात. त्याच कामाचं दुसरं औषध टेनेक्टेप्लेज असेल तर एकाच वेळी सुईनं देऊन मोकळं होता येतं. "असेल साठ सत्तर" असं हवेत सांगू नका, माहीत असेल तर नेमकं सांगा.

मोठी नळी बंद असेल तर जांघेतून तार घालून गुठळी ओढून बाहेर काढतात. २०१५ मधल्या चाचण्यांनी हे पहिल्या सहा तासांत चांगलं चालतं हे दाखवलं, २०१८ पासून निवडक पेशंटमधे २४ तासांपर्यंत करतात. यावरून लोक "२४ तास आहेत की" म्हणतात. ते निवडक या शब्दाकडे बघा. ज्यांचा पट्टा नशिबानं अजून हिरवा आहे त्यांच्यासाठी ते आहे, तुमच्या घरातला माणूस त्यातला आहे का हे आधी कळत नाही.

## जवळचं हॉस्पिटल की मोठं?

श्वासाचा त्रास असेल, पूर्ण बेशुद्ध असेल तर जवळचं. नाहीतर जिथे २४ तास सीटी चालू आहे आणि इंजेक्शन देतात, तिथे थेट. सगळ्यात जास्त वेळ इथेच मरतो, कोपऱ्यावरच्या ओळखीच्या नर्सिंग होममधे नेलं, त्यांनी रात्रभर सलाईन लावलं आणि सकाळी म्हणाले पुढे न्या. सीटी नसलेल्या ठिकाणी लकव्याचा पेशंट रात्रभर ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

१०८ ची गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, गोव्यात त्याआधीपासून, आपल्याकडे गाडीत डॉक्टरही असतो, फुकट आहे. फोनवर "चक्कर आलीये" म्हणू नका, "लकवा, इतक्या वाजता सुरू झाला" असं सांगा. गाडीला फार वेळ लागणार असेल तर स्वतःची काढा, आणि निघताना हॉस्पिटलला फोन करा की येतोय, तेवढ्यात ते सीटी रिकामं ठेवतात. तुमच्या तालुक्याला रात्री दोन वाजता सीटी कुठे मिळतो हे आत्ताच एक फोन करून विचारून ठेवा, बऱ्याच जिल्ह्यांच्या सिव्हिलला असतो पण रात्री टेक्निशियन असतो का तेही विचारा.

गावठी उपायांवर फार लिहीत नाही. बोटांना सुया टोचून रक्त काढा असा एक फॉरवर्ड दर वर्षी परत फिरतो, त्यानं काहीही होत नाही. कबुतराचं रक्त चोळणं तर त्याहून वाईट, त्यात अख्खा दिवस जातो. मालिश, व्यायाम, फिजिओ हे सगळं नंतरचं आहे, तेव्हा जरूर करा.

## आणि वाटेतच बरं झालं तर?

होतं असं. हात दहा मिनिटं लुळा पडला, गाडीत बसेपर्यंत हलायला लागला, बोलणंही सुटलं. पेशंट स्वतःच म्हणतो चला परत, काही नाही झालं. याला मिनी स्ट्रोक म्हणतात, गुठळी आली आणि आपणहून विरघळली. मोठा स्ट्रोक यायची शक्यता यानंतर सगळ्यात जास्त असते ती पहिल्या ४८ तासांत. गाडी वळवू नका. कॅज्युअल्टीत सांगा अमुक वाजता सुरू झालं, अमुक वाजता थांबलं. ते मेंदूचा स्कॅन करतील, मानेच्या नसांची सोनोग्राफी करतील, ईसीजीवर हृदयाचे ठोके अनियमित आहेत का बघतील कारण बऱ्याच गुठळ्या तिथूनच सुटतात, आणि या वेळी, रक्तस्राव नाही हे कळल्यावर, ती ॲस्पिरिनची गोळी खरंच देतील.